अंगणाकडची खोली

समुद्राकाठच्या हॉटेलात उतरायला आलेलं माणूस जेव्हा समुद्राकडे पाठ असलेली खोली मागतं, तेव्हा कुठंतरी पाणी मुरतंय हे समजायला फार शहाणपण लागत नाही. कालिरोईला ते तिथल्या तिथं समजलं.

बाई मंगळवारच्या बोटीनं आली. पन्नाशी ओलांडलेली, उंच, केस मागे घट्ट बांधलेले, हातात एकच बॅग. जून नुकता लागला होता आणि ‘आल्मिरा’च्या नऊ खोल्यांपैकी सात रिकाम्या होत्या. उरलेल्या दोन्ही एकाच जर्मन जोडप्यानं घेतल्या होत्या, कारण नवरा घोरायचा. कालिरोईनं मोठ्या हौसेनं चार नंबरची किल्ली पुढे केली.

“ही घ्या. पलंगावरून पाय खाली सोडलेत की समुद्रातच.”

“अंगणाकडची नाही का एखादी?” बाईनं विचारलं.

“अंगणाकडे? अहो, अंगणात काय आहे बघायला? पाण्याची टाकी, कपड्यांची दोरी आणि माझ्या कोंबड्या.”

“मला समुद्राच्या आवाजानं झोप येत नाही.”

कालिरोईनं नऊ नंबरची किल्ली दिली आणि ओळखपत्र मागून घेतलं. रजिस्टरमध्ये नियमाप्रमाणे सगळं लिहावं लागे. नाव आर्गिरो. वडिलांचं नाव स्तेर्गिओस. जन्म उत्तरेकडे, कातेरीनीजवळच्या एका खेड्यात. व्यवसाय निवृत्त शिक्षिका. ‘मुक्कामाचं कारण’ या रकान्यापाशी कालिरोईचा हात थांबला. “विश्रांती लिहू ना?” तिनं विचारलं. बाई म्हणाली, “लिहा.” पण ज्या सुरात म्हणाली त्यावरून तिला लिहायचं तर वेगळंच काही होतं.

दुपारी कालिरोईचा नवरा पांदेलिस होडी लावून वर आला. हिशेबाची वही शोधताना त्यानं रजिस्टर उघडलं आणि उघडंच धरून उभा राहिला.

“ही कोण?” त्यानं विचारलं.

“पाहुणी. दुसरं कोण? नऊ नंबर घेतलाय. स्वतः मागून.”

त्यानं रजिस्टर मिटलं, जाग्यावर ठेवलं आणि जेवायला न बसताच पुन्हा होडीकडे गेला. मासळीचं सार निवत पडलं. बावीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं तापात सोडून कधी सार टाकलं नव्हतं. कालिरोईच्या मनात पाल चुकचुकली.

बुधवारी सकाळी खिडकीतून तिनं बाईला पाहिलं. टेकडीच्या पायथ्याच्या जुन्या विहिरीपासून बाई किनाऱ्याच्या दिशेनं चालत होती. चालण्याची रीत मात्र फिरायला निघालेल्या माणसाची नव्हती. एकेक पाऊल मोजून, ओठ हलवत. शंभरेक पावलांवर हॉटेलच्या अंगणाची मागची भिंत आली तशी ती थबकली, मागे वळून विहिरीकडे बघितलं, पाण्यातल्या दोन खडकांकडे बघितलं आणि परत जाऊन पहिल्यापासून मोजायला लागली. हे तिनं तीनदा केलं. पाण्यात एकदाही उतरली नाही.

कालिरोई पाव आणायला गेली ती थेट मारिगोच्या भट्टीत जाऊन बसली. मारिगो म्हणजे पांदेलिसची चुलतबहीण. गावात कुणाच्या घरात काय शिजतंय हे तिला झाकण काढायच्या आधी कळायचं.

“मोजते?” मारिगोनं हातातलं पीठ झटकलं. “अगं, मग डोकं कशाला खाजवतेस? जमीन मोजायला आलीय. नवी नोंदणी सुरू होणार म्हणतात ना. कागद नाही त्याची जमीन नाही. तुमच्याकडे कागद आहे?”

“सासऱ्यांनी बांधलं तेव्हा कोण मागत होतं कागद?”

“तेच म्हणते मी. मठवाल्यांनी पाठवली असेल. टेकडीवरचं चॅपेल त्यांचं, म्हणजे विहीर त्यांची, म्हणजे उद्या तुझं अंगण पण त्यांचं.”

“शिक्षिका होती म्हणते.”

“म्हणायला काय जातंय? मी पण म्हणेन, मी नर्तकी होते.” मारिगो आपल्या रुंद कंबरेवर हात ठेवून हसली आणि मग एकाएकी गंभीर झाली. “कुठली म्हणालीस?”

“कातेरीनीकडची.”

“पांदेलिस लष्करात कुठं होता गं?”

पांदेलिस लष्करात कातेरीनीलाच होता.

“सात-आठ वर्षांनी मोठीच असेल ती त्याच्यापेक्षा,” कालिरोई शेवटी म्हणाली.

“त्या वयात पोरं असलं मोजत नाहीत,” मारिगो म्हणाली आणि तिच्या पिशवीत दोन कडक पाव जास्तीचे टाकले.

त्या दिवसापासून कालिरोईनं डोळ्यांत तेल घालून दोघांवर नजर ठेवली. एरवी पाहुण्यांच्या टेबलाशी वाईनचा पेला घेऊन बसणारा, आठपायी माशाला दगडावर चाळीस वेळा का आपटायचं हे हातवारे करून सांगणारा पांदेलिस त्या आठवड्यात मिठाची गुळणी धरून होता. बाई जेवायला बाहेर आली की तो आत जायचा. बाई आत गेली की तो जाळी दुरुस्त करायला बाहेर यायचा. कधी काही नव्हतंच, तर माणूस इतकं टाळतो कशाला?

गुरुवारी दुपारी सगळं बेट झोपलेलं असताना कालिरोई दाराआड उभी राहिली. बाई अंगणात आली. खिशातून शिंप्याची फीत काढली आणि मागच्या भिंतीपासून टाकीपर्यंत लावली. मग टाकीच्या सिमेंटवर तळहात टेकून बराच वेळ नुसती उभी राहिली. कोंबड्या तिच्या पायांशी येऊन चोची मारत होत्या, त्याचंही तिला भान नव्हतं.

संध्याकाळी कॉफी घेताना तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “टाकी केव्हा बांधली हो तुम्ही?”

“हॉटेलबरोबरच. एकाहत्तर साली. का?”

“खोल खणावं लागलं असेल.”

“मी तेव्हा या घरात नव्हते. सासरे आणि माझा नवरा, दोघांनी मिळून खणली. का विचारता?”

“पाणी गोड आहे, म्हणून,” बाई म्हणाली.

पाणी गोड नव्हतं. मचूळ होतं, हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं.

शनिवार उजाडला. पेंटेकॉस्टच्या सणाआधीचा शनिवार हा गेलेल्या माणसांचा दिवस. कालिरोईनं गहू उकडून, साखर आणि बदाम घालून ताट सजवलं होतं. पांदेलिस जाळी बघायला जातो म्हणून निघाला, पण पाण्याकडे न जाता चॅपेलच्या वाटेला लागला. त्याच्या सदऱ्याआड दिव्याच्या तेलाची बाटली होती. बूच वर डोकावत होतं. दर वर्षी या दिवशी तो असा तास-दीड तास नाहीसा व्हायचा, हे त्या क्षणी पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं. आणि मग तिनं पाहिलं की बाईसुद्धा त्याच वाटेनं वर निघालीय.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडी सबंध दिसायची. चॅपेलच्या मागच्या भिंतीशी पांदेलिस वाकला होता. बाई कोपऱ्यावरून वळली आणि थांबली. दोघं दहा हातांवर एकमेकांसमोर उभे राहिले. तिनं काही विचारलं असावं. त्यानं मान हलवली. आणि मग तो दुसऱ्या बाजूनं, बकऱ्यांच्या वाटेनं, जवळजवळ पळतच खाली उतरला. बाई तिथंच राहिली.

कालिरोईनं गव्हाच्या ताटावर फडकं टाकलं, दुसरी किल्ली घेतली आणि नऊ नंबर उघडला. पाहुण्याच्या सामानाला तिनं आजवर कधी हात लावला नव्हता. सासूनं पहिल्या दिवशी शिकवलेली ती पहिली गोष्ट होती. पण त्या दिवशी तिनं उशी उचलली, गादी उचलली, बॅग उघडली. बॅगेच्या तळाशी, एका पाकिटात, चौघडी घातलेला पिवळा कागद होता.

कागदावर पेन्सिलीनं काढलेला नकाशा होता. चॅपेल, विहीर, पाण्यातले दोन खडक. विहिरीपासून मोठ्या खडकाच्या रोखानं ओढलेली रेघ, तिच्यावर ‘११२ पावलं’ असं लिहिलेलं आणि रेघेच्या टोकाला फुली. कालिरोईनं डोळ्यांसमोर आपली जागा आणून बघितली. फुली तिच्या टाकीवर होती.

तो कागद घेऊन ती होडीपाशी गेली. पांदेलिस जाळ्याच्या ढिगावर बसला होता, हात रिकामेच.

“हे काय आहे?”

त्यानं कागद बघितला. त्याचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला.

“जिथून घेतलास तिथं ठेवून ये.”

“कोण लागते ती तुझी?”

“कुणी नाही.”

“वर काय बोललात मग?”

“काही नाही. कालिरोई, कागद ठेवून ये.”

“कातेरीनीची आहे ती. तू तिकडंच होतास.”

तो तिच्याकडे असा बघत राहिला, की जणू ती एखादी परकी भाषा बोलतेय. मग म्हणाला, “तू समजतेस तसं काहीही नाही,” आणि जाळ्याच्या ढिगात हात घातला.

कालिरोईनं कागद ठेवला, पण नऊ नंबरात नाही. स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्यात, खोल, मनगटापर्यंत हात घालून.

दुपारी बारा वाजता बाई खोलीतून अंगणात आली. तिच्या हातात रिकामं पाकीट होतं.

“माझ्या खोलीत कुणी गेलं होतं?”

“झाडायला गेले होते मी,” कालिरोई कपडे वाळत घालत म्हणाली. “का?”

“एक कागद होता यात.”

“खिडकी उघडी ठेवली असेल तुम्ही. इथला वारा फार वाईट.”

बाई हसली. त्या हसण्यात हसू अजिबात नव्हतं.

“वारा,” ती म्हणाली. “माझ्या आईनं या बेटावर अकरा पत्रं पाठवली. गावच्या कचेरीला, पोलिसांना, पाद्र्यांना. कुणी लिहिलं नोंदवही ओली झाली, कुणी लिहिलं वही जळली, कुणी उत्तरच दिलं नाही. वारा तेवढा राहिला होता सांगायचा. तोही आज सांगून झाला.”

कालिरोईनं ओली चादर परत टोपलीत टाकली. “हे बघा बाई, सरळ सांगा. कुणी पाठवलंय तुम्हाला? मठवाल्यांनी? मंगळवारपासून माझं अंगण मोजताय, माझ्या नवऱ्याच्या मागावर टेकडी चढताय. ही जागा आमची आहे. कागद असो नसो.”

“तुमची जागा मला फुकट दिलीत तरी नको.” बाईचा आवाज चढला. वरच्या गॅलरीत जर्मन नवरा डोकावला आणि पुन्हा आत गेला. “माझे वडील आहेत इथं. या टाकीखाली. किंवा होते. तुम्ही लोकांनी काय केलं त्यांचं, एवढंच विचारायचंय मला.”

कालिरोई पायरीवर बसली.

मग बाईनं सांगितलं. तिचे वडील तंबाखूच्या शेतावर मजूर होते. सत्तेचाळीस साली त्यांना पकडून या बेटावर आणलं. त्या काळी सरकारला नको असलेली माणसं अशी बोटीनं आणून टाकत. खाडीवर त्यांचे तंबू होते, हे कालिरोईनंही लहानपणी ऐकलं होतं आणि मोठ्या माणसांनी दटावल्यावर विसरूनही गेली होती. पुढच्या हिवाळ्यात वडिलांच्या छातीत कफ झाला. औषध नव्हतं. गावच्या दफनभूमीत जागा मिळाली नाही, म्हणून सोबत्यांनी विहिरीपासून पावलं मोजून खाडीवरच पुरलं. आर्गिरो तेव्हा चार वर्षांची होती. आई वाट बघत म्हातारी झाली आणि गेली. या हिवाळ्यात झीसिस नावाचा त्या सोबत्यांतला शेवटचा म्हातारा वारला, आणि त्याच्या मुलीनं हा नकाशा तिच्या हाती आणून दिला.

“मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?” कालिरोईनं विचारलं.

“येऊन बघते तो फुलीवर हॉटेल. ज्यांनी खणलं त्यांना सापडलं असणारच. सापडूनही पंचवीसेक वर्षं जे गप्प बसले त्यांना काय सांगायचं? बोटीत बसवून दिलं असतंत मला.”

ते अगदीच खोटं नव्हतं. मंगळवारी हे कळलं असतं तर आपण काय केलं असतं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

तेवढ्यात कुंपणाच्या फाटकापाशी पांदेलिस उभा असलेला दोघींना दिसला. केव्हाचा उभा होता कोण जाणे.

“इथं नाहीत ते,” तो म्हणाला. “मी नेले त्यांना.”

तो आत आला, पण बसला नाही. उभ्यानंच, टाकीकडे बघत बोलला. खणायला लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी फावडं हाडाला लागलं. तो वीस वर्षांचा होता. वडील म्हणाले, पोलिसांना कळलं तर काम बंद, आणि वर हजार प्रश्न. अथेन्समध्ये सत्ता बळकावलेल्या कर्नल लोकांचं राज्य होतं. तंबूतल्या माणसांचं नाव काढलं तरी माणूस आत जायचा. वडील म्हणाले, पोत्यात भर आणि होडीतून नेऊन समुद्रात टाक.

“मी हो म्हणालो. पोतं भरलं. पण समुद्रात नाही टाकलं. घरातली वाईन चोरली, एकेक हाड धुतलं, जसं आपण आपल्या माणसांचं धुतो तसं. चॅपेलच्या मागे पुरलं, वर एक दगड ठेवला. सकाळी तुम्ही विचारलंत ना, कुणाचा दगड? मी म्हटलं, कुणाचा नाही. ते तुमचेच. रजिस्टरात नाव वाचलं तेव्हापासून मला माहीत होतं.”

“नावावरून? स्तेर्गिओस नावाची हजार माणसं असतील.”

“थांबा, हाडांजवळ एक वस्तू होती,” तो म्हणाला आणि होडीकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात तेलकट फडक्यात गुंडाळलेला लाकडी चमचा होता. तंबूतली माणसं स्वतःचे चमचे स्वतःच कोरत. दांड्यावर अक्षरं होती, मातीनं काळी पडलेली.

आर्गिरोनं अंगठ्यानं अक्षरं चाचपली. “स्तेर्गोस,” तिनं वाचलं. “मधलं अक्षर गाळलंय. दुसरीपर्यंत शिकले होते. आईकडे त्यांची दोन पत्रं होती. दोन्हींवर नाव असंच, चुकलेलं. मी शिक्षिका झाले तेव्हा आई म्हणायची, बाप असता तर आधी त्याचं नाव दुरुस्त केलं असतंस.”

ती रडली नाही. चमचा पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि विचारलं, “पाणी मिळेल का थोडं?”

कालिरोई उठून आत गेली. आधी पिठाचा डबा उघडला, मग पाण्याचा पेला भरला आणि दोन्ही गोष्टी बाहेर आणल्या. कागदावरचं पीठ तिनं एप्रनच्या टोकानं पुसलं तरी घड्यांत राहिलंच होतं.

“वारा नव्हता,” ती म्हणाली. “मी घेतला. माझ्या मनात भलतंच होतं.”

“काय होतं?”

कालिरोईनं नवऱ्याकडे बघितलं. “सांगण्यासारखं नव्हतं.”

आर्गिरोनंही पांदेलिसकडे बघितलं, त्याची सुटलेली ढेरी, मासळीच्या खवल्यांनी चकाकणारी विजार. आणि मग त्या आठवड्यात पहिल्यांदाच ती खरोखर हसली. “ह्यांच्यासाठी मी कातेरीनीहून आले असं वाटलं तुम्हाला?”

“त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे?” कालिरोई जरा फणकाऱ्यानंच म्हणाली.

सोमवारी गावचे पाद्री पापा-आंथिमोस चॅपेलवर आले. पांदेलिसनं खणलं, दुसऱ्या कुणाला फावडं घेऊ दिलं नाही. दोघी बायकांनी हाडं पुन्हा वाईननं धुतली आणि उन्हात पांढऱ्या कापडावर मांडली. आर्गिरो प्रत्येक हाड दोन्ही हातांत घेऊन ठेवत होती. पापांनी नाव घेऊन प्रार्थना म्हटली तेव्हा मारिगो धापा टाकत टेकडी चढून आली. तिला न बोलावता सगळं कळलं होतं. मुलीच्या लग्नासाठी भरतकाम करून ठेवलेला उशीचा अभ्रा तिनं पुढे केला.

“पोत्यात नको ठेवू आता,” ती पांदेलिसवर खेकसली. “आणि तू आम्हाला एवढी वर्षं काय समजलास रे? आम्ही चहाडखोर?”

“हो,” पांदेलिस म्हणाला.

मंगळवारच्या बोटीवर लाकडी पेटी त्यानं स्वतः वाहून नेली. शिडीपाशी तिकीट तपासणाऱ्यानं विचारलं, “काय आहे यात?”

“माणूस,” पांदेलिस म्हणाला. “सरकारनं आणला तेव्हा परतीचं तिकीट नव्हतं दिलं.”

तपासणारा साठीला टेकलेला होता. त्यानं पेटीकडे बघितलं, आर्गिरोच्या काळ्या पोशाखाकडे बघितलं, टोपी काढली आणि बाजूला झाला. आर्गिरोनं कालिरोईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. पांदेलिसला मात्र तिनं नुसता हात दिला, आणि तो बराच वेळ सोडला नाही.

परतताना गाडीतून वळणावर हॉटेल दिसायला लागलं तसं कालिरोईनं तोंड उघडलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“बाबा चौऱ्याऐंशीपर्यंत होते.”

“नंतर?”

“नंतर तू त्या घरात झोपली नसतीस. त्या टाकीचं पाणी प्यायली नसतीस.”

“बावीस वर्षं प्यायले.”

“मी पण,” तो म्हणाला.

ती बाहेर बघत राहिली. राग आला होता आणि नेमका कशाचा ते तिला वेगळं काढता येत नव्हतं. त्यानं जे केलं त्याचा राग नव्हता. उलट वीस वर्षांच्या त्या पोराला एकदा जवळ घ्यावंसं वाटत होतं. पण शेजारी गाडी चालवणारा हा माणूस एवढं पोटात ठेवून रोज तिच्याशी मिठामिरचीचं बोलत होता.

“आणखी काय आहे?” तिनं विचारलं.

“म्हणजे?”

“मला माहीत नसलेलं.”

पांदेलिसनं विचार केला. खरोखरच विचार केला, एक बकरी रस्ता ओलांडून जाईपर्यंत.

“काही नाही.”

तिचा विश्वास बसला नाही. त्या उन्हाळ्यात तो कुठंही निघाला की ती विचारायची, कुठं चाललास, कशाला, कोण भेटलं. आणि तो काहीही न लपवता सांगायचा. जाळ्याला कुठं भोक पडलं, कोणत्या गाठीनं बांधलं, कोळंबी का मिळाली नाही, लोहारानं होडीच्या नांगराबद्दल काय सांगितलं, आणि त्यावर आपण काय म्हणालो. इतकं सविस्तर, की द्राक्षं उतरवायच्या दिवसांत एकदा तो सांगत असतानाच ती उठून भांडी घासायला गेली, आणि तिथून पुढे तिनं विचारणं सोडून दिलं.